स्प्रिंट कारच्या २,३१२ स्लाइड्स : कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

शेजारच्या आजींच्या तळघरातून आज फोटोंच्या स्लाइड्स (पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली फिल्म) आणि निगेटिव्हची सतरा खोकी वर आणली. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले. ते मशिनिस्ट होते आणि १९५५ पासून सुट्टी मिळेल तेव्हा कॅमेरा घेऊन स्प्रिंट कारच्या (लहान गोलाकार ट्रॅकवर, बहुधा मातीवर धावणाऱ्या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या) शर्यतींना जायचे. आजी पुढच्या जूनमध्ये घर विकून मुलीकडे राहायला जाणार आहेत आणि तिथे एवढं सामान ठेवायला जागा नाही. "यातली कितीतरी पोरं ट्रॅकवरच गेली," त्या म्हणाल्या. "त्यांना कचऱ्याच्या गाडीत कसं घालू?" मी म्हटलं, सगळं स्कॅन करून देते.

मी पुण्याची. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथं अमेरिकेत, इंडियानातल्या कोलंबसला आणि मोठे कारखाने पुण्यात, त्यामुळे या लहानशा गावात मराठी कानावर पडतं. इंजिनांवर पोट असूनही स्प्रिंट कार मी पहिल्यांदा पाहिली ती आजोबा ब्लूमिंग्टनच्या लाल मातीच्या पाव मैली ट्रॅकवर घेऊन गेले तेव्हा. गाडीला क्लच नाही, स्टार्टर नाही. मागून ट्रकनं ढकलून सुरू करायची. सुरू झाली की प्रत्येक वळणावर आडवी होऊन धावते. त्या रात्री आजोबा माझ्या कानाशी ओरडून एकेकाचं नाव सांगत होते. आता नाव सांगणारं माणूस नाही. कामातला खरा कठीण भाग तोच असेल, असं आजच वाटतंय.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या स्लाइड्स आणि निगेटिव्ह पडून आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहून ठेवते.

२१ ऑक्टोबर

मोजणी झाली. स्लाइड्स २,३१२, त्यातल्या बहुतेक कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म. कृष्णधवल निगेटिव्हच्या ४१ पट्ट्या. आजोबांच्या तीन वह्या, त्यातली एक पाण्यानं चिकटलेली.

निगेटिव्हच्या एका डब्याला व्हिनेगरचा वास येत होता. जुन्या ॲसिटेट फिल्मचा पाया कुजायला लागला की हा वास सुटतो, आणि त्या वाफेनं शेजारची फिल्मही लवकर बिघडते. हे मला माहीत नव्हतं. आठवडाभर तो डबा बाकीच्या खोक्यांबरोबर एकाच बंद कपाटात ठेवला होता. आज वेगळा काढून हवेशीर जागी ठेवला. तुम्ही पहिल्या दिवशी दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण प्रत्येक डबा उघडून वास घ्या.

२८ ऑक्टोबर

घरातल्या सपाट स्कॅनरवर सुरुवात केली. चांगल्या दर्जावर एका स्लाइडला चार मिनिटं लागतात. हिशेब केला: फक्त मशिनचेच १५४ तास. त्यातही स्कॅनरमधली धूळ पुसणारी सोय कोडॅक्रोमवर नीट चालत नाही. ती अवरक्त प्रकाशानं धूळ ओळखते, आणि कोडॅक्रोमच्या थरांमुळे तिचा गोंधळ होतो. गाडीच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसतात. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये तर प्रत्यक्ष चांदी असते, तिथे ही सोय बंदच ठेवायची. दोन शनिवार आणि ९० स्लाइड्स वाया.

५ नोव्हेंबर

पद्धत बदलली. खाली प्रकाशाची पाटी, वर स्लाइड धरायची चौकट, त्यावर उलटा टांगलेला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि जुनी मॅक्रो लेन्स. एका स्लाइडला बारा सेकंद. खोलीतले दिवे बंद आणि पडदे ओढलेले हवेत, नाहीतर खिडकीची चमक स्लाइडवर उतरते.

१९ नोव्हेंबर

मधे दिवाळी झाली. आजींना फराळाचा डबा दिला. चकली त्यांना इतकी आवडली की वहीत कृती लिहून घेतली.

या आठवड्यात दोन चुका झाल्या. पहिली भरून निघाली: १८० फोटो किंचित हललेले आले. टेबल कपडे वाळवायच्या यंत्राजवळ होतं आणि ते चालू असताना मी काम करत होते. सगळे पुन्हा काढले, पाच तास गेले.

दुसरी भरून निघणार नाही. स्लाइड पुसायला औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं अल्कोहोल वापरलं. त्यात पाणी असतं, म्हणून डाग राहिले. ते तरी ९९ टक्क्यांच्या अल्कोहोलनं निघाले. पण कापसाचा बोळा पुठ्ठ्याच्या चौकटीला लागला आणि सहा चौकटींवरची आजोबांनी शाईनं लिहिलेली अक्षरं पुसून गेली. दोन ठिकाणचा मजकूर वहीवरून जुळवता आला. चार गेल्या. त्या चार फोटोंत माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतो, आणि आजोबांनी लिहून ठेवलेलं त्याचं नाव माझ्या हातानं पुसलं गेलं आहे. आजींना जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतरच्या शनिवारपासून माझ्या शेजारी येऊन बसायला लागल्या.

तेव्हापासून नियम: आधी चौकटीचा फोटो, दोन्ही बाजूंनी. मगच स्लाइडला हात. आणि पुसायचं फक्त गरज असेल तरच; बहुतेक धूळ रबरी फुग्याच्या हवेनं उडते.

२५ नोव्हेंबर

कोडॅकच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि वर्ष उमटवलेलं असतं. मी तीच शर्यतीची तारीख समजून नोंदवत होते.

आज एक स्लाइड आली. मातीनं माखलेला, हसणारा माणूस गाडीच्या उजव्या मागच्या चाकावर बसलाय. आजोबांच्या अक्षरात 'जड लार्सन'. चौकटीवर शिक्का जुलै १९६६. मी नोंद टाइप करत होते आणि आजी म्हणाल्या, "जुलैमध्ये जड नव्हता."

जड लार्सन हा चालक ११ जून १९६६ ला पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंग फेअरग्राउंड्सच्या ट्रॅकवर अपघातात गेला. त्याच अपघातात रेड रीगलही गेला. लार्सन ४३ वर्षांचा होता. १९५८ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये (अमेरिकेतली प्रसिद्ध ५०० मैलांची मोटार शर्यत) तो आठवा आला होता, पण आजी सांगतात की मातीवर आडवी गाडी पाहायची तर त्याचीच, असं आजोबा म्हणायचे.

शिक्का फिल्म धुतल्याचा असतो. रोल संपेपर्यंत कॅमेऱ्यातच राहतो, मग टपालानं जातो. म्हणजे हा फोटो काढला तेव्हा तो जिवंत होता आणि रोल धुऊन परत आला तेव्हा नव्हता. आजोबांनी ते नाव कधी लिहिलं असेल याचा मी बराच वेळ विचार करत होते.

आजवरच्या ६०० नोंदींत 'शर्यतीची तारीख' खोडून 'या महिन्यात किंवा त्याआधी' असं केलं. चार तास.

९ डिसेंबर

उलट्या स्लाइड्स. चौकटीत फिल्म पालथी बसली असेल तर डावं-उजवं बदलतं. या ट्रॅकवर गाड्या नेहमी डावीकडेच वळतात, तेव्हा ओळखणं सोपं, असं मला वाटलं. पुढची चाकं उजवीकडे वळलेली दिसली की फोटो उलटा, असा नियम करून मी ५७ फोटो फिरवले.

चूक. मातीवर मागचं टोक बाहेर फेकलं जातं, आणि गाडी सांभाळायला चालक सुकाणू उलट बाजूला धरतो. डावीकडे वळणाऱ्या गाडीची चाकं उजवीकडेच दिसतात. म्हणजे मी सरळ फोटो उलटे केले होते. इंजिनिअर असून हे लक्षात आलं नाही, याचं वाईट वाटलं. ८ आणि ११ सारखे आकडे आरशातही तसेच दिसतात, म्हणून नंबर पाहूनही चूक कळली नाही.

खात्रीचा उपाय चाकांत आहे: उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मोठं असतं. आणि फिल्मवरचा चित्र असलेला रसायनाचा थर कोणत्या बाजूला आहे ते तिरक्या उजेडात दिसतं. मंद, किंचित उठावाची बाजू ती. सगळे ५७ पुन्हा तपासले. खरे उलटे फक्त नऊ निघाले.

६ जानेवारी २०२४

व्हिनेगरच्या डब्यातल्या पट्ट्या. वळलेली फिल्म काचेखाली दाबली तर इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उमटली. त्यासाठी खरखरीत पृष्ठभागाची खास काच मिळते, ती मागवली. सात पट्ट्या इतक्या आकसल्या होत्या की थर सुटून आला. जेवढं दिसतं तेवढं टिपलं.

२० जानेवारी

४४ फोटोंवर चुकीचं नाव घातलं होतं ते आज निस्तरलं. कारण साधं: मी गाडीच्या नंबरावरून माणूस ठरवत होते. नंबर गाडीबरोबर असतो, हंगामागणिक बदलतो, आणि एकाच गाडीत एका वर्षात तीन-तीन चालक बसलेले असतात. एक जखमी झाला की पुढच्या आठवड्यात दुसरा. त्यातल्या पाच फोटोंत मी एका जिवंत माणसाला मेलेल्या माणसाचं नाव दिलं होतं.

फाइलींच्या नावातही मी चालकांची नावं घातली होती. ती सगळी काढली. आता फाइलीला फक्त क्रमांक. नाव वेगळ्या तक्त्यात, आणि त्याच्यापुढे एक रकाना: 'खात्री', 'बहुधा' किंवा 'नाही'. शेजारी, हे कोणी सांगितलं आणि कशावरून. हा रकाना पहिल्या दिवसापासून असता तर निदान तीस तास वाचले असते.

वर्ष ठरवायला पुढच्या खुणा उपयोगी पडल्या. कुंपणावर किंवा अंगरख्यावर एएएचं (अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन) चिन्ह असेल तर १९५५ किंवा त्याआधी. त्या वर्षीच्या अपघातांनंतर ही संघटना शर्यतींतून बाहेर पडली आणि १९५६ पासून यूसॅक (युनायटेड स्टेट्स ऑटो क्लब) आली. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट असेल तर साठच्या दशकाच्या अखेरीआधीचं नाही. आणि डोक्यावर नळ्यांचा पिंजरा असेल तर बहुधा सत्तरचं दशक किंवा त्यानंतरचं. त्याआधी चालकाचं डोकं आणि खांदे उघडेच असायचे, मागे फार तर एक कमान. गाडी उलटली की माणूस खाली. फोटो वर्षांच्या क्रमानं लावून पाहिले तेव्हा ते उघडे खांदे पाहवेनात.

२७ जानेवारी

छोटी नोंद. 'कोलंबस' लिहिलेले अकरा फोटो मी आमच्याच गावात टाकले होते. एका गाडीवर फळीसारखा पंख दिसला तेव्हा शंका आली. स्प्रिंट कारवर पहिला पंख जिम कुशमननं १९५८ मध्ये लावला तो ओहायोतल्या कोलंबस मोटर स्पीडवेवर. अकराही फोटो ओहायोचे. गावाच्या नावापुढे राज्य लिहा.

१० फेब्रुवारी

काउंटी ग्रंथालयानं मे महिन्यात या फोटोंच्या प्रदर्शनासाठी भिंत द्यायचं कबूल केलंय. त्यांच्याच खोलीत आज जुने मेकॅनिक आणि प्रेक्षक बोलावले. सात जण आले, सगळे सत्तरीच्या पुढचे. मोठ्या पडद्यावर ३०० फोटो दाखवले.

पहिला तास फुकट गेला, कारण मी "हा अमुक का?" असं विचारत होते. माणसं "हो, असेल" म्हणतात. नंतर प्रश्न बदलला: "इथं काय चाललंय?" मग चेहरा राहिला बाजूला, कोणी इंजिन ओळखलं, कोणी पाना धरायची ढब. चार सिलिंडरचं ऑफनहाउझर इंजिन जाऊन शेव्हीचं (शेव्हरोले) व्ही-एट कोणत्या मालकानं आधी बसवलं, यावर वीस मिनिटं वाद झाला आणि त्या वादातून अकरा नावं पक्की झाली. एका मेकॅनिकनं पाठमोरा माणूस फक्त त्याच्या पँटच्या खिशातल्या चिंधीवरून ओळखला. दुसऱ्या कोणी त्याला दुजोरा दिला नाही, म्हणून 'बहुधा'.

३ मार्च

एक जाड पाकीट मी आजवर टाळत होते. त्यात अपघातांच्या चौदा निगेटिव्ह आहेत. आजींना विचारलं, काय करायचं? त्यांना पाकीट आहे हेच माहीत नव्हतं. आजोबांनी ते कधी दाखवलं नव्हतं.

मला वाटत होतं, स्कॅन करून बंद ठेवावं. नोंद म्हणून त्याचं महत्त्व आहेच. आजी म्हणाल्या, ज्यांचा माणूस त्यात आहे त्यांना आधी विचार. दोन घरांपर्यंत ओळखीनं पोचलो. एका घरानं निगेटिव्ह मागून घेतल्या. दुसऱ्यानं, भिंतीवर नको, पण ठेवा असं सांगितलं. बाकीच्या स्कॅन केल्या, सीलबंद केल्या, प्रदर्शनात नाहीत. महिना गेला यात, आणि तो गेला ते बरं झालं.

६ एप्रिल

परवा इंडियानात खग्रास सूर्यग्रहण, रस्त्यावर बाहेरगावच्या गाड्याच गाड्या. तरी इंडियानातल्याच सेलमच्या ट्रॅकला जाऊन आले. फोटोंतली मागची झाडं आणि कठडे जुळवायचे होते. सेलमचा ट्रॅक डांबरी, अर्ध्या मैलाहून थोडा मोठा, वळणं ३३ अंशांनी उभी. वळणाच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर भिंतीसमोर उभं असल्यासारखं वाटतं. तीन फोटोंची जागा पक्की झाली.

इथंच १७ जून १९५६ ला बॉब स्वायकर्ट गेला, वय ३०. आदल्याच वर्षी त्यानं इंडियानापोलिस ५००, राष्ट्रीय विजेतेपद आणि मिडवेस्टचं स्प्रिंट विजेतेपद अशी तिन्ही जिंकली होती.

आणि २१ जुलै १९९० ला इथंच रिच वोगलर. शर्यत जो जेम्स आणि पॅट ओकॉनर यांच्या स्मरणार्थ होती. ओकॉनर आमच्याजवळच्या नॉर्थ व्हर्ननचा, १९५७ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये सर्वांत पुढून सुटलेला आणि १९५८ मध्ये त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत गेलेला. त्याच्या नावाच्या शर्यतीत वोगलर पुढे होता, एक फेरी उरली असताना अपघात झाला. लाल झेंडा पडल्यावर, म्हणजे शर्यत थांबवल्यावर, निकाल आधीच्या पूर्ण फेरीवरून लावतात, म्हणून विजेता तोच ठरला. यूसॅकमधला त्याचा १७० वा विजय. आजोबांच्या शेवटच्या डब्यावर शिक्का ऑगस्ट १९९० चा आहे. आत बारा स्लाइड्स, सगळ्या शर्यतीआधीच्या. पुढे काही नाही. मी कारण विचारलं नाही, आजींनीही सांगितलं नाही.

२० एप्रिल

प्रदर्शनाची मांडणी दोनदा केली.

पहिल्यांदा मी फक्त गेलेल्यांचे फोटो काढले आणि मृत्यूच्या तारखेनं ओळीनं लावले. प्रत्येक पाटीची सुरुवात अपघातानं. १९६६ चा भाग सगळ्यांत मोठा झाला: जूनमध्ये रेडिंगला लार्सन आणि रीगल, १२ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅस्कॉट पार्कवर डॉन ब्रॅन्सन आणि डिक अ‍ॅटकिन्स. पाच महिन्यांत चौघे, दोन-दोन मिळून. मला वाटलं, हे असंच दाखवायला हवं.

आजींनी सगळं नीट वाचलं. मग म्हणाल्या, "तू यांना मरणाच्या रांगेत उभं केलंस. ते रांगेत नव्हते, ते गाडीत होते." आणि ब्रॅन्सनच्या फोटोपाशी थांबून म्हणाल्या की ४६ वर्षांचा माणूस विशीतल्या पोरांना मागे टाकत होता हे पाटीवर कुठंच नाही.

बरोबर होतं त्यांचं. पुन्हा लिहिलं. आता क्रम फोटो काढल्याच्या काळाचा. पाटीची पहिली ओळ फोटोत काय चाललंय त्याची, मग त्या माणसाचं काम: ब्रॅन्सन, यूसॅकचा १९६४ चा स्प्रिंट विजेता, १९६० च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये चौथा. जन्म-मृत्यू शेवटच्या ओळीत, आहे तसा, न लपवता. आणि जे वाचले तेही भिंतीवर आले: सात वेळा पूर्व विभागाचा विजेता होऊन १९६० मध्ये हेल्मेट ठेवणारा आणि १९९९ पर्यंत जगलेला टॉमी हिनरशिट्झ, १९६१ आणि १९६२ चा विजेता पार्नेली जोन्स. वाचलेले शेजारी नसतील तर गेलेले कोणाबरोबर धावत होते तेच कळत नाही.

२४ पाट्यांची छपाई दुसऱ्यांदा करावी लागली नाही, कारण पहिली मांडणी साध्या कागदावर होती. एवढं एक शहाणपण झालं होतं.

१८ मे

भिंत उघडी झाली. खर्च, डॉलरमध्ये: जुनी लेन्स १८०, प्रकाशाची पाटी ६५, चौकट आणि काच ९०, हातमोजे, फुगा आणि अल्कोहोल ४८, आम्लरहित खोकी ११२, दोन हार्ड डिस्क १३०, छपाई ३१०. एकूण ९३५, छपाईचा अर्धा भाग ग्रंथालयानं दिला. वेळ १९६ तास, त्यातले निदान ६० माझ्या चुका निस्तरण्यात.

नावांची स्थिती: खात्री १,४८६, बहुधा ३९१, नाही ४३५. 'नाही'मधले साठ चेहरे एका पाटीवर लावले, खाली पेन्सिल बांधून ठेवली. संध्याकाळपर्यंत चार नावं लिहिली गेली. त्यातलं एक, मी अल्कोहोलनं पुसलेल्या चारांपैकी. लिहिणाऱ्या बाईंचे ते काका. दुजोरा मिळाला, 'खात्री'त टाकलं. तीन राहिली.

५ जून

काल पार्नेली जोन्स गेले. वय ९०. अंथरुणात, घरच्या माणसांत की आणखी कसे, ते मी शोधत बसले नाही. बातमी वाचली आणि ग्रंथालयात गेले.

पाटीवर '१९३३ –' एवढंच होतं. आजीही आल्या होत्या, त्यांचं सामान बांधून झालंय, रविवारी निघतात. मी नवी पाटी छापून आणते म्हटलं. त्या नको म्हणाल्या. पर्समधून पेन काढून त्यांनीच पुढे २०२४ लिहिलं. क्रम फोटोच्या काळाचा असल्यामुळे पाटी जागची हलवावी लागली नाही. तक्त्यात तारीख भरली आणि दोन्ही हार्ड डिस्कवर प्रत घेतली. एक आजींच्या सामानात जाईल, एक ग्रंथालयात.